बाबांची कातडी बंगळुरूला

१२ जानेवारी २०२४
आज बाबांची कातडी काढली! दंडावरून, मसुराच्या दाण्याएवढी. बंगळुरूहून डॉक्टर यशश्री इथं जबलपूरला आल्या होत्या — आमच्या खानदानी विसराळूपणावर संशोधन करून राहिल्या आहेत. आजोबांचं डोकं बावन्नाव्या वर्षी गेलं, बाबांचंही बावन्नाव्याच. इतकी वक्तशीर आमची रेल्वेसुद्धा नाही — मी तिथंच नोकरीला आहे, मला माहीत!

बाबा पट्टीकडे बघून म्हणाले, "किस कुत्ते ने काटा?" मी डॉक्टरांकडे बोट दाखवलं नाही.

माझं आणि प्रणोतीताईचं रक्तही घेतलं. जनुकातला हा दोष आमच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. फॉर्मवर प्रश्न — निकाल कळायला हवा का? ताईनं 'हो' लिहिलं. मी 'नाही'.
"काहून रे, धनेश?"
"मजा जाते."
खोटं.

१३ जानेवारी
बाबांनी पट्टी उपटली. आईच्या पोह्यांत सापडली.

२८ मार्च
डॉक्टरांचा फोन, स्पीकरवर लावला. बाबांच्या कातडीच्या पेशी उलट्या फिरवून पार बाल्यावस्थेत नेल्या म्हणे — तिथून पेशीला काहीही होता येतं. आता त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी घडवणार, त्या बिघडतात कशा ते बघणार, औषधं लावून पाहणार.
आईनं विचारलं, "म्हणजे हे बरे होतील?"
"नाही काकू. त्यांच्यासाठी उशीर झाला." बाई सरळ बोलते. आवडली.
"मग कोणासाठी?"
कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. अगदी ठरवून बघितलं नाही!

९ जून
ताईमध्ये दोष नाही. तुलनेसाठी 'निरोगी' म्हणून तिच्या पेशी वापरणार. शाळेपासून हिचाच पहिला नंबर! रडत होती. म्हटलं, अगं, पास झालीस! तर म्हणे, "तुझ्यासाठी रडून राहिली, गाढवा."

१७ ऑगस्ट
डॉक्टर म्हणतात, दोष आहे पण आजार अजून सुरू नाही, अशा माणसाच्या पेशी फार कामाच्या. वर म्हणतात, कोणावर जबरदस्ती नाही, घाई नाही. घाई कशी नाही? मी अडतीसचा!

२ सप्टेंबर
डॉक्टर जबलपूरला आल्या होत्या. म्हटलं, चलो, माझा निकाल सांगून टाका. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.
आहे.
बाही वर केली. म्हटलं, घ्या.
घरी आलो तर बाबा दारात. "भैया, किसके घर से हो?"
"तुमच्याच, बाबा."