मी बोट दाखवलं तो

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तीळगूळ केला नाही. संदेश गेल्यापासून करतच नाही.

दुपारी पोलीस समन्स देऊन गेला — सोमवारी ठाणे कोर्टात माझी साक्ष. तीन वर्षं या कागदाची वाट पाहिली. ह्यांना दाखवला. "जाशील ना नीट?" एवढंच म्हणाले. पोरगा गेला तसं ह्यांचं बोलणंही गेलं.

२० जानेवारी

झाली साक्ष.

सकाळी बसस्टॉपवर उभी होते. समोर कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा बॅनर, खाली शुभेच्छुकांची रांग. आमच्या कोलशेतच्या नाक्याला बॅनरशिवाय करमत नाही. कामावर जाताना इतकी वर्षं हीच थोबाडं बघत बसची वाट बघतेय!

कोर्टात सगळं परत सांगावं लागलं. दिवेलागण झालेली. मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. संदेश खाली गेटपाशी बाईक लावत होता. एकाने मागून येऊन डोक्यात रॉड घातला. मी किंचाळले. त्याने वर बघितलं — लाईटखाली चेहरा स्पष्ट दिसला. डोक्यावर गॉगल चढवलेला.

"दिवेलागणीला गॉगल, मावशी?" त्याचा वकील हसला. मी म्हटलं, आजकालची पोरं, त्यांना काय दिवस आणि काय रात्र.

मग जेलमधल्या ओळख परेडचं विचारलं. पोरं रांगेत उभी होती. तहसीलदार म्हणाले होते, घाई नाही, सावकाश बघा. सावकाश कशाला? बघताक्षणी पोलिसांनी संशयावरून धरलेल्या त्या मयूरसमोर जाऊन उभी राहिले. इतका ओळखीचा वाटला तो चेहरा, की अंगावर काटा आला.

"आरोपीला त्याआधी कधी पाहिलं होतं?"

"कधीच नाही."

पुन्हा बोट दाखवलं. त्याने मान खाली घातली. बाहेर सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "रॉड मिळालेला नाही, बाकीच्यांनी पाठच पाहिली. केस तुमच्यावर उभी आहे, मावशी." संदेशसाठी निदान एवढं तरी मला करता आलं.

३ फेब्रुवारी

डाळिंब्यांची उसळ केली, त्याच्या आवडीची. का केली कोण जाणे. कोणी खाल्ली नाही.

१२ फेब्रुवारी

आज मयूरची मावशी साक्षीला आली. गोदा नाव. टिटवाळ्याला राहते. म्हणे त्या संध्याकाळी तिच्या मुलीची हळद होती आणि हा तिथेच होता. "माजे दारान नाचत व्हता तो." उचलली जीभ, लावली टाळ्याला! वकीलबाईंनी फोटो मागितले. मयूर फोटोत आहे, पण सगळे रात्री जेवणाच्या पंगतीतले. इथून बाईकवर तोवर सहज पोचेल.

बाहेर नळापाशी तीच माझ्याजवळ आली. "बाय, तुजा पोर गेला. तुज्याशी मी खोटं नाय बोलनार. पन तो आमचा मयूर नवता." मी तोंड फिरवलं. बहिणीच्या पोरासाठी कोणीही खोटं बोलेल. मीही बोलले असते.

तिच्या पायांतल्या चपला दोन वेगळ्या जोडांच्या होत्या. घाईत निघाली असेल.

४ मार्च

जन्मठेप.

जजसाहेब म्हणाले, आईची साक्ष विश्वासार्ह आहे, नातेवाइकांची नाही. गोदाबाई बाकावर नुसती बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. रडले ते आमचे हे. तीन वर्षांत पहिल्यांदा. "झालं, मालन," म्हणाले, आणि माझा हात सोडेचनात.

संदेशच्या फोटोपुढे दिवा लावला. वाटलं होतं, या दिवशी हलकं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पण झोप लागली.

१५ मार्च

परवा तिसरं पुण्यस्मरण. मंडळाची मुलं म्हणतात, नाक्यावर बॅनर लावू. आधी नको म्हटलं — आयुष्यभर बॅनरना नावं ठेवली मी. मग निळ्या शर्टातला फोटो काढून दिला. हसतोय त्यात. लोकांना दिसू दे माझं पोरगं.

१७ मार्च

सकाळी मुलं बॅनर बांधायला आली. बसस्टॉपसमोरच्या लोखंडी चौकटीवर जुन्या बॅनरचे इतके थर, की तारच पुरेना. म्हणून सगळे कापून खाली टाकले. तळातला एक उलगडून माझ्या पायाशी पडला. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला वाढदिवस. आमचा संदेश तेव्हा होता. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि रांगेत मयूर. डोक्यावर गॉगल चढवलेला.

तेव्हापासून डोळे मिटून ती संध्याकाळ आठवतेय. संदेश दिसतो. रॉड दिसतो. वर बघणारा चेहरा दिसतो तो बॅनरवरचाच, गॉगलसकट. त्याच्या मागे दुसरा कुठला चेहरा असेल तर तो आता सापडत नाही.

तेवढा तुकडा कापून घरी आणलाय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या वकीलबाईंकडे जाते. त्याआधी टिटवाळ्याला, गोदाबाईंकडे.