वाढत्या अंगाचा राऊटर

४ नोव्हेंबर

नेट पुन्हा गेलं! "मला समाजासाठी काहीतरी—" एवढं मी बोलले आणि पडद्यावरची मैत्रीण उघड्या तोंडाने तशीच थिजली. बरं, ही रंगीत तालीम होती. खरी मुलाखत २८ला, एका संस्थेची. ती दूरच्या वस्त्यांवर मुलींना संगणक शिकवायला पदवीधर पाठवते. वर्षभर तिथेच राहायचं. मला जायचंच आहे! घरातली पहिली पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली?

दोष डब्याचा आहे. नेटच्या कंपनीने भाड्याने दिलेला तो डबा पुढच्या खोलीत, बाबांच्या शिलाई मशीनच्या वर. मागे आत्याच्या खोलीपर्यंत येता येता त्याला धाप लागते. पुढे बसावं तर मशीनची खडखड.

ठरलं. मोडेम स्वतःचा, राऊटरही स्वतःचा. भाड्याच्या डब्यावरून स्वावलंबनाच्या गोष्टी करणं हे ढोंग आहे.

६ नोव्हेंबर

घरात सभा घेतली. निर्णय सर्वांच्या संमतीने व्हायला हवा. मी समजावलं — मोडेम बाहेरची लाईन घरात आणतो, राऊटर ती खोल्याखोल्यांत वाटतो.

आत्या म्हणाली, "म्हणजे एक बाजारातून आणणार नि दुसरी नुसती वाढणार. ते तर या घरात आधीपासून आहे." आईने तिच्याकडे असं पाहिलं की बस.

बाबा गंभीर होते. गळ्यातली टेप काढून आत्याच्या दारापर्यंत माप घेऊन आले. म्हणाले, "वाढत्या अंगाचा घे. उद्या माणसं वाढली तर आखूड पडायला नको. सोडायला चार बोटं असू देत."

आत्याला चार शिंगांचा हवा. आईला पडद्याला शोभेल असा. शेवटी सर्वानुमते ठराव — "शिकलेली तू आहेस, तूच ठरव. फक्त पांढरा नको, मळतो."

९ नोव्हेंबर

लोकांची मतं वाचतेय. एकाच राऊटरला एक जण देव म्हणतो, दुसरा दगड. तिसऱ्याने मत दिलंय खोक्याबद्दल. खोकं छान आहे म्हणे.

१३ नोव्हेंबर

दुकानदाराला मी नीट प्रश्न विचारले. ग्राहकाने जागरूक असावं. तो प्रत्येक प्रश्नाला "हो मॅडम, एकदम" म्हणत होता. दोन्ही वस्तू घेतल्या.

घरी आले. लाईन मोडेममध्ये बसेना! आमच्याकडे येते फायबरची बारीक तार, मी आणलाय जुन्या टेलिफोनच्या तारेचा मोडेम. इतकं वाचलं, आणि आपल्याच दाराशी कुठली तार येते ते बघायचं राहिलं.

बाबा म्हणाले, "माप न घेता कापड कापलंस." आवाज शांत होता. तेच जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर

मोडेम बदलून आणला. दुकानदार आधी म्हणाला, खोकं फोडलेला माल परत घेत नाही. मी ग्राहकाच्या हक्कांवर बोलायला लागले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. बदलून दिला — हक्कांमुळे की गर्दीमुळे, कळलं नाही.

१७ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस आला. आमच्या खोक्यांकडे नजर टाकली आणि म्हणाला, "बाहेरचा माल घेतलात? मग पुढे काही झालं तर आमच्याकडे बोट दाखवायचं नाही हं, ताई."

मी विचारलं, "तुमचा डबा बंद पडायचा तेव्हा कोणाकडे दाखवायचं?"

तो छताकडे बघायला लागला.

नव्या मोडेमचा नंबर कंपनीत नोंदवावा लागतो, त्याशिवाय लाईन सुरू होत नाही. फोनवर बाजाच वाजत राहिला. मधूनमधून एक बाई सांगायची की माझा कॉल महत्त्वाचा आहे. आवाज इतका गोड की एकदा मी "धन्यवाद" म्हणून बसले.

१९ नोव्हेंबर

चाललं!! घरभर! आत्या पलंगावर पडून मालिका बघतेय, आई आपल्या भावाशी चेहरा बघत बोलतेय. राऊटर आत्याच्या टेबलावर, त्याचं बटण टेबलाखाली भिंतीला. आमच्या घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट कुणाच्या मेहेरबानीशिवाय चालू आहे.

२२ नोव्हेंबर

नेट अडखळायला लागलं. राऊटरला हात लावला तर तापलेली इस्त्री!

आईने त्याला कव्हर शिवलंय. अस्तर लावून. चारही शिंगांना वेगवेगळ्या पिशव्या, टोकाला नाड्या.

"आई, त्याला हवा लागते गं."

"आणि धूळ बसली म्हणजे?"

सभा झाली. तोडगा बाबांनी काढला. कव्हर राहील, पण हवेसाठी त्याला काजं करायची. रात्रीच्या जेवणापर्यंत राऊटरच्या अंगभर काजं झाली, सुबक, एका ओळीत. नेट सुरळीत. आत्या म्हणते, बटणंही लावा, थंडी येतेय.

२८ नोव्हेंबर

नेट गेलं. ऐन मुलाखतीत.

इतकं छान चाललं होतं! समोर तिघं. स्वावलंबनावर बोलले, मान हलवत होते. मग मधल्या बाई काहीतरी विचारत होत्या आणि तिघेही थिजले. पुन्हा जोडेपर्यंत वेळ संपली होती.

घरात हलकल्लोळ. बाबा हातातलं शिवण अर्धवट टाकून राऊटरवाल्याशी भांडून आले. कंपनीचा माणूस येऊन "सांगितलं होतं ना, ताई" म्हणून गेला. आत्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या. आई कव्हर उसवत बसलीये, डोळे पुसत. तिला वाटतंय तिच्यामुळेच झालं.

आणखी लिहवत नाही.

३० नोव्हेंबर

संस्थेचा फोन आला. नेटचं काय, कुणाचंही जातं, मधल्या बाई म्हणाल्या. परवा पुन्हा बोलू.

नेट गेलं नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, "तिथे वर्षभर एकटीने राहाल ना? कधी निघाल?" आणि टेबलाखालचं बटण मी पायाच्या अंगठ्याने बंद केलं.

बाबांनी आज सगळं तपासलं. म्हणतात, ते बटणच सैल आहे. परवा ते टेबलाखाली बसणार आहेत, मुलाखत संपेपर्यंत, बटण धरून.