उन्हात ओढलेला रोल

मामा,
जयभीम.

मामीला जाऊन महिना झाला. भिंतीवर लावायला तिचा तो हसरा फोटो हवा, म्हणून काल तुमचा फोन आला. गाझियाबादला तिच्या वाढदिवशी मीच काढला होता तो.

संसदेवरच्या हल्ल्यानंतरची ती दुपार आठवा. भर रस्त्यावरून नव्या उड्डाणपुलाचे फोटो काढले म्हणून मला पोलीस चौकीत बसवलं होतं. मनाई कुठल्या कायद्यात आहे, एवढंच मी विचारत होतो. हवालदार मला सोडायच्याच बेतात होता. तेवढ्यात सरकारी ओळखपत्र पुढे करत तुम्ही आलात. "नासमझ लड़का है, साहब." मी चौतीस वर्षांचा होतो. मग कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही माझा कॅमेरा उघडलात, अख्खा रोल उन्हात ओढून काढलात आणि त्या हवालदाराबरोबर चहा प्यायलात. त्या चहाची मला अजून किळस येते.

रोल पुरता संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, ही काटकसर तुमच्याकडूनच शिकलो. मामीचा वाढदिवस त्याच रोलवर होता.

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर "शोधतो" एवढंच म्हणालो. त्यावर तुम्ही म्हणालात, "नीट शोध. तुला वस्तू सांभाळायची सवयच नाही."

तुमचा भाचा,
प्रफुल्ल