जुनीच यादी

गडचिरोली,
२६ जुलै १९८८

प्रिय मनकर्णाताई,

पत्र उशिरा लिहितोय, रागाव हवं तर. पण आधी आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरची गंमत ऐक. पावसात ज्या गावांची वाट बंद होते, तिथल्या क्षयरोग्यांना तुम्हा नर्सबाईंच्या हातून दोन महिन्यांचं औषध आधीच पोचवायचं, त्याची यादी मला काढायची होती. रोगी चार हजार. मी मशीनला हुकूमच असा लिहिला होता, की दर रोग्यागणिक ते आधी सगळे नदी-नाले तपासून बंद होणाऱ्या गावांची यादी बनवायचं आणि मग त्या रोग्याचं गाव तीत आहे का ते बघायचं. अख्खा दिवस जायचा. मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमचे म्हातारे शिपाई दसरूभाऊ बघत होते. म्हणाले, "काऊन रे पत्रू, नाले तं तेच हायेत ना? मंग हे दर माणसामागं नव्यानं कायले मोजून राह्यलं?"

शिकलेला मी, आणि अक्कल त्यांची. बंद होणाऱ्या गावांची यादी एकदाच काढून वेगळी ठेवली आणि रोगी तिच्याशी ताडून पाहिले. दिवसाचं काम वीस मिनिटांत झालं. साहेबांनी स्वतः चहा पाजला. मला आभाळ ठेंगणं झालं.

छपाई दुसऱ्या दिवशी होती. सकाळीच एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून तुझी चिठ्ठी आली, की नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, खचलाय, पलीकडच्या टोल्याची, त्या छोट्या वस्तीचीही वाट आता बंद होईल. मी लगेच नाल्यांच्या मूळ नोंदीत ते चढवलं आणि छापायला घेतलं. मशीन मात्र ताडत होतं कालच्या, ठेवलेल्या यादीशी. ती नव्याने काढायची असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. टोल्यातले एकतीस रोगी सुटले.

मग नाला चढला. तू डोंग्यातून औषध घेऊन गेलीस तोवर औषधाविना तेरा दिवस उलटले होते, आणि टोल्यातल्या मंगलीच्या थुंकीत पुन्हा रक्त दिसू लागलं होतं. वेळेत कळवलं नाही म्हणून नोटीस तुला आली. उत्तरात तू माझं नावही घेतलं नाहीस, कारण माझी नोकरी अजून कच्ची आहे. लाज वाटली गं ताई, तरी मी गप्प बसलो.

आज तुझी चिठ्ठी जोडून साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. पण टोल्यातले लोक तुझ्याशी बोलेनासे झालेत, असं ड्रायव्हर सांगत होता. म्हणून हे इतकं उलगडून लिहिलं. हे पत्र त्यांना वाचून दाखव. मंगलीला सगळ्यांत आधी.

तुझाच,
पत्रू