रुंदी आठच येते

ठकू,
(आई म्हणते तेच लिहिलं, राग मानू नकोस.)

आईला कळा सुरू झाल्या, तिला दवाखान्यात नेतो आहे. घाबरू नकोस, पिशवी भरतानासुद्धा ती मलाच दम देते आहे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

सकाळी ज्या गणितावरून तू वही आपटून गेलीस, ते मी करून पाहिलं. तुझ्या वहीत मी काही लिहिलेलं नाही. मांडणी तुझी बरोबरच आहे: रुंदी क्ष, लांबी क्ष अधिक चार, क्षेत्रफळ शहाण्णव. म्हणजे क्ष वर्ग अधिक चार क्ष बरोबर शहाण्णव. फक्त शहाण्णव डावीकडे आणताना तू चिन्ह बदललं नाहीस, तिथेच घोडं अडलं. उणे शहाण्णव घे, की अवयव सरळ पडतात आणि क्ष आठ किंवा उणे बारा येतो. रुंदी उणे नसते, म्हणून आठ. आठ गुणिले बारा करून ताळा बघ. माझंही आधी चुकलंच होतं, त्यात आई ओरडली, "गणित राहू दे, माझी चप्पल शोधा!"

जेवून मगच ये. तिथे दारावर नातं विचारतात. आईचं नाव सांग, मुलगी आहे म्हण, आत सोडतील. मी या घरात आल्यापासून तू मला कशानेच हाक मारलेली नाहीस, त्याची घाई नाही. पण माझं विचारलं, तर तुला सुचेल ते नातं सांग. मी त्याला हो म्हणेन.