पहिल्या पेटीची मोटार

२ मार्च १९३३, गुरुवार

आजपासून रोजनिशी. ही कोणीही वाचू नये. काकूने वाचल्यास जागच्या जागी ठेवावी.

निश्चय: पहाटे उठणे. विडी बंद. एकच धंदा धरून बसणे.

काका कचेरीतून आले ते तापूनच. म्हणाले, मेल्या हरिहरा, केळशी सोडून शाळेत गेलास, शाळा सोडून सावर्ड्यास, सावर्डे सोडून मुंबईस, आणि आता मुंबई सोडून माझ्या ओसरीवर. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत कुठे चिकटला नाहीस, तर मामाच्या मिरच्यांच्या वखारीत पाठवतो. मी म्हटले, तशी वेळ येणार नाही. काकू म्हणाली, वखारीत निदान शिंका तरी नेमाने येतील.

मिरच्यांची वखार! माझा जन्म यंत्रासाठी आहे.

४ मार्च, शनिवार

पहाटे उठणार होतो. उठलो तो न्याहारीच्या वेळी. पण उत्साहाने.

मोठी बातमी. नाचणे गावचे बागायतदार परशुराम आप्पा यांनी परत जाणाऱ्या एका साहेबाची मोटार लिलावात घेतली. हापूसची पहिली पेटी दरसाल सगळ्यांचीच बैलगाडीने मांडवी बंदरावर जाते. यंदा आमची मोटारीने जाणार, असे आप्पा साऱ्या आळीत सांगून बसले आहेत. सांगून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की मोटार चालवायची कशी हे घरात कोणासच ठाऊक नाही.

मी गेलो. म्हटले, मुंबईस गॅरेजात होतो. हे खरेच आहे. काम पुसण्याचे होते. पण पुसता पुसता माणूस बघतोच.

आप्पा म्हणाले, पेटी धडपणे बोटीवर चढली तर तू कायमचा ड्रायव्हर. खाकी कोट शिवीन. पितळी बटणांचा. नाही चढली, तर माझ्या दारात दिसू नकोस.

काकांना सांगितले. ते म्हणाले, मामाला लिहून ठेवतो.

५ मार्च, रविवार

मोटार पाहिली. गोठ्यात उभी आहे, दोन बैलांच्या शेजारी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असावी. कंपनीचे नाव घासून गेले आहे. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली आहे. आप्पांची बहीण गंगुबाई म्हणाल्या, पिल्ले निघेपर्यंत तिला उठवायचे नाही. पुढच्या बाजूने काम सुरू केले.

लवू गाडीवान बैलांना पेंढा घालता घालता बघत होता. आजवर पहिली पेटी त्यानेच नेली. म्हणाला, काय वो हरीभाऊ, हिला काय घालायचा, पेंढा का पेंड? मी म्हटले, पेट्रोल. तो म्हणाला, मंग शेण कुटून पडतां?

अडाणी माणसाशी वाद घालू नये. तरी बराच वेळ घातला.

८ मार्च, बुधवार

हँडल मारले. हँडलने मला मारले. मनगट सुजले आहे; अक्षर त्यामुळे असे. एरवी माझे अक्षर चांगले आहे.

शेवटी गड्यांनी उतारावरून ढकलली तेव्हा सुरू झाली. केवढा आवाज! कोंबडी उठली. गंगुबाई माझ्याशी बोलत नाहीत.

शोध: एकदा सुरू झालेली मोटार बंद करू नये. बंद केली की पुन्हा गडी, पुन्हा उतार. आणि उतार सगळीकडे नसतो.

११ मार्च, शनिवार

मागच्या बाजूस पेट्रोलची टाकी आहे. ती ठिबकते. जास्त नाही, नाकाला सर्दी झाल्यासारखी. तांबटाकडून डाग द्यावा लागेल. बाजारात निघालो. वाटेत एका ओटीवर पेटीवादन चालले होते. मालक म्हणाले, शिकायचे तर रोज या. हातात सूर आहे असे त्यांना लगेच दिसले. सायंकाळपर्यंत बसलो. 'सा' जवळजवळ बसला.

तांबट राहिला. उद्या.

१४ मार्च, मंगळवार

तांबट राहिला ते बरेच झाले. कारण आज मला त्याहून उत्तम सुचले. घरात माठाला चीर गेली तर काकू काय करते? फणसाचा चीक. होडीची भेग कशाने बुजवतात? फणसाच्या चिकाने. समुद्र ज्याने अडतो त्याने पेट्रोल अडणार नाही?

काकूच्या फळीवरचा, काठीला गुंडाळलेला चिकाचा गोळा आणला. चुलीवर ऊन करून टाकीला थापला. ठिबकणे ताबडतोब बंद! हात मात्र तीन वेळा खोबरेल चोळूनही एकमेकांना चिकटत होते. जेवताना पानही बरोबर उचलले गेले.

काकूने विचारले, गोळा कुठे गेला. मी म्हटले, विज्ञानाच्या कामी. ती म्हणाली, विज्ञानाला सांग, माठ गळतो आहे.

मोटारीची माहिती मराठीत देणारे पुस्तक लिहावे असे मनात आहे. पेटी शिकून झाल्यावर.

१७ मार्च, शुक्रवार

तालीम. गोठ्यापासून देवळापर्यंत आणि परत. परत येताना वळण राहून गेले, म्हणून काजूच्या बागेतून आलो. ब्रेक आहेत, पण विचार करून लागतात.

लवू म्हणाला, रस्ता तिकडं हाय हो, कुणी हलवलान् न्हाई.

आप्पांना बरोबर बसवले होते. ते उतरले तेव्हा पगडी कपाळावर आली होती. पण चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, कोटाला बटणे किती हवीत? मी म्हटले, आठ.

१९ मार्च, रविवार. सकाळी, निघता निघता

आज! पहाटे उठलो. (काकूने पाणी ओतले.)

मोटार उतारावरून सुरू करून दारात आणली आहे. आत पेट्या भरल्या. पहिली मानाची पेटी झेंडूची माळ घालून मागे बाहेर, टाकीच्या वर बांधली. मागून येणाऱ्या सगळ्यांना दिसावी अशी आप्पांची इच्छा.

सखाराम गुरव गाऱ्हाणे घालायला आला आहे. आप्पा म्हणाले, इंजिन बंद कर, देवाला ऐकू जायला हवे. मी म्हटले, बंद केले तर बोट चुकेल. तेव्हा सखारामाने आवाज वाढवला. बा देवा म्हाराजा, आज जी काय ही तुझ्या लेकराची मोटारगाडी बंदरास जाता, तिच्या वाटेत जो काय खड्डा असेल, दगड असेल, कुणाची नजर असेल, ती बाजूला कर म्हाराजा. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. मग आप्पांचे वाडवडील आले. मग बोट आली, बोटीचा कप्तान आला, मुंबईचा व्यापारी आला, त्याच्या दुकानावरचे छप्पर आले. सगळ्यांना सुखात ठेव म्हाराजा. होय म्हाराजा. इंजिन तापून फुरफुरू लागले आहे. मी सीटवर बसून हे लिहितो आहे.

वाऱ्याने उदबत्त्या पाटावरून पडतात. गंगुबाई आज प्रथमच बोलल्या, अरे, कुठे तरी नीट खोचा. मी उतरून त्या मानाच्या पेटीच्या फटीत, आतल्या पेंढ्यात नीट खोचल्या. छान उभ्या राहिल्या. धूर सरळ वर.

सखारामाला आता गावाच्या वेशीवरचा देव आठवला आहे.

निघालो!

त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण उद्या गावात भलतेच सांगतील.

निघालो ते झोकात. आप्पा शेजारी, उपरणे नीट केलेले. नाचणे सोडले तोच माणसे रस्त्यावर आली. बायका दारात. सगळे हात हलवत होते, ओरडत होते. इंजिनापुढे शब्द ऐकू येत नव्हते, पण भावना कळत होत्या. आप्पांचा ऊर भरून आला. म्हणाले, हरिहरा, माझ्या मुंजीलाही एवढे लोक नव्हते. मी भोंगा वाजवला. आप्पांनी दोन्ही बाजूंना नमस्कार केले. लोक आणखी ओरडले. काही तर मोटारीमागे धावू लागले. एकाने पायतण काढून फेकले. मी म्हटले, आनंदात माणसाला भान राहत नाही.

बाजारपेठ लागली तेव्हा आप्पा म्हणाले, वास येतो. मी म्हटले, उदबत्ती. ते म्हणाले, आंब्याचा येतो. मी म्हटले, पेटी पिकली असेल. ते म्हणाले, भाजल्याचा येतो रे.

एका दुकानदाराने समोर येऊन बादलीभर पाणी फेकले. ते बरेचसे आप्पांवर आले. उरलेले मागे गेले, आणि मागून 'भुस्स' झाले. आप्पांनी वळून पाहिले. मीही पाहिले. मानाच्या पेटीच्या जागी एक मोठी होळी होती आणि ती आमच्याबरोबर येत होती.

चीक तापून सुटला असावा. ह्यात चिकाचा दोष आहे. किंवा फणसाचा.

मी डोके शांत ठेवले. समई फुंकर मारून विझते. तेव्हा मोटार जोरात नेली तर वाऱ्याने आग विझेल, हे मला तत्क्षणी सुचले. वेग वाढवला. आगीने ह्याचा गैरसमज करून घेतला.

आप्पा थांब थांब म्हणत होते. ब्रेक विचार करत होते. मांडवीच्या वळणावर गाडी जराशी मंदावली आणि आप्पा उतरले. म्हणजे, उडी. मैना कोळीण बांगडे घेऊन बसली होती, तिच्या टोपलीत बसते झाले. ती काय म्हणाली ते मला पुढे लोकांनी सांगितले: भटजी, मासा बघायचा तर हातानं बघा, बसून कशाला बघतांव!

मला समुद्र दिसत होता. म्हटले, समुद्रात घालावी, विझेल. रेतीत घातली. चाके रुतली, मी उजव्या दाराने बाहेर. कोळ्यांनी फावड्यांनी ओली रेती टाकली. पुढला भाग वाचला. मागला भाग राहिला नाही. सगळ्या पेट्या मागल्या भागात होत्या.

बोट वेळेवर सुटली. कठड्यावरून सगळे उतारू आमच्याकडे बघत होते. पेटी चढली नाही.

भिवया नाहीत. परत येतील.

२० मार्च, सोमवार

कोळीवाड्यातून निरोप: भाजलेले आंबे फार गोड होते, पुन्हा कधी येणार? ह्यात धंद्याची कल्पना आहे. भाजका हापूस. विचार करणे.

आप्पांकडे गेलो नाही. त्यांना विश्रांतीची गरज आहे. गंगुबाईंनी त्यांना ओसरीवर घेण्यापूर्वी चार घागरी ओतल्या म्हणतात. तरी मांजर त्यांच्या मागेच आहे.

२२ मार्च, बुधवार

आप्पांकडे गेलो. दारातच थांबवले. मी शांतपणे समजावले, की पेटी बंदरापर्यंत पोचली होती, हे कोणी नाकारू शकत नाही. ड्रायव्हरचे काम तिथवरच. गाऱ्हाणे एवढे लांबले नसते तर टाकी तापली नसती. सखाराम तिथेच होता. म्हणाला, आग सोडून सगळा मी सांगितला होता म्हाराजांना. आगीचा कुणी बोललाच न्हाई.

आप्पा एवढेच म्हणाले, कोटाचे कापड मी परत दिले.

शिंप्याचे दुकान टाळून लांबच्या वाटेने घरी आलो. 

२७ मार्च, सोमवार

नवा निश्चय: पेटी शिकणे पूर्ण करणे. गेलो. मालक म्हणाले, तुम्ही ते मोटारवाले ना, आमच्या घरी लाकडाचे सामान फार आहे.

काकांनी मामाचे पत्र आल्याचे सांगितले. मामा म्हणतात, या.

३ एप्रिल, सोमवार

ऐकले, की आप्पांनी मोटारीचा सांगाडा घरी आणला. लोहाराला बोलावले. इंजिन काढले. पुढे जू बसवले. सुतार मागे फळ्या ठोकतो आहे. लवूचे बैल तिला जुंपणार. आप्पा म्हणतात, दरसाल पेट्या मोटारीने जाणार म्हटले म्हणजे जाणार.

मी निरोप पाठवला: बैल हाकायला लवू असू दे, पण मोटारीला ड्रायव्हर लागतोच.

निरोप्याला दारातूनच परत पाठवले. विचारात असतील.

१२ एप्रिल, बुधवार. मांडवी बंदर

ट्रंक शेजारी आहे. बोट यायची आहे. काका तिकीट काढायला गेले आहेत.

लवू बैल जुंपलेल्या मोटारीतून पेट्या घेऊन इकडेच येत होता, तेव्हा काका म्हणाले, ट्रंक त्यातच टाक, हमाल कशाला. लवूने विचारले, हरीभाऊ, तुमी कुटं बसतांव? मी म्हटले, माझ्या जागेवर. तो म्हणाला, बसा की, ती रिकामीच असतां. तो स्वतः पुढे जुवाजवळ बसतो.

बसलो. सीट जळलेली नाही. चाक तेच आहे, हाताला बरोबर लागले. लोहाराने खालचा दांडा काढला आहे, त्यामुळे ते आता कुठेच लागून नाही. पण फिरते हलके, तक्रार नाही. बाजारपेठेच्या वळणाला मी डावीकडे घेतले. मांडवीला उजवीकडे. प्रत्येक वेळी मोटार बरोबर वळली.

लवूने मागे वळून पाहिले. हसला नाही. म्हणाला, फिरवा फिरवा, बैलांस त्रास न्हाई तुमचा.

बोट आली. पेट्या चढू लागल्या आहेत. एकही कमी नाही. लवू बैलांना पाणी पाजतो आहे. काका तिकीट घेऊन आले आणि म्हणाले, हरिहरा, उतर आता, त्याला परत जायचे आहे.

उतरतो.