आपलं आपण मोजायचं नाही

५ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बॅग खोलीत टाकली आणि आधी खिडकी उघडली. खाली अंगण, पलीकडे लांबलचक हॉल. पूर्वी इथे लोकरीचं गोदाम होतं म्हणे. भिंतींना अजून तो उबट वास आहे. खोली दोघींची. दोन लोखंडी कॉट, दोन खुंट्या, एक टेबल. आरसा नाही. ते बरंच आहे, चाळिशीनंतर सकाळी सकाळी आरशाशी कोण भांडत बसणार!

माझ्या सोबतिणीला सगळ्या बँकवाली म्हणतात. ती बँकेत काउंटरवर बसते आणि बसून बसून, तिच्याच शब्दांत, खुर्चीच्या आकाराची झाली आहे. आल्या आल्या तिनं विचारलं, कशासाठी आलीस गं? इथे हा प्रश्न नाव विचारावं तसा विचारतात. मी सांगितलं, मुलीला उचलायला.

पिल्लू पंधरा वर्षांची झाली. पाय जन्मापासून चालत नाहीत. जीभ मात्र दोन माणसांची चालते. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळीकडे मीच उचलते. तिचे बाबा गेल्यापासून दुसरं आहे कोण? गेल्या महिन्यात न्हाणीघरात माझे हात सुटले आणि दोघी ओल्या फरशीवर पडलो. ती हसत म्हणाली, आई, आता तुला उचलायला कोणाला हाक मारू? मीही हसले. मग नळ सोडून रडले.

धाकट्या बहिणीनं रजा काढली आणि मला इथे, ह्या बायकांच्या व्यायामाच्या शिबिरात ढकललं. तीन आठवडे. शेवटच्या रविवारी घरचे येतात. इथली रीतच आहे, जी ज्यासाठी आली तिनं ते घरच्यांसमोर करून दाखवायचं आणि मग घरी जायचं. म्हणजे पिल्लू येणार आणि मी तिला उचलून दाखवणार. विचारानंच दंड फुरफुरले. (दंड कसले, उकडलेल्या शेंगा.)

७ फेब्रुवारी

अंगाचा कण न् कण ठणकतोय, पण मजेत आहे.

सकाळी बैठका, मग जोर, मग वजनाची दांडी. हाताला खडूची भुकटी लावायची म्हणजे पकड सुटत नाही. जेवायला अंडी, कडधान्यं, दही, ढीगभर भाज्या. बँकवाली म्हणते, आपल्याला म्हशीसारखं चारतात आणि बैलासारखं राबवतात.

हे सगळं चालवणाऱ्या बाईंना मोठ्या ताई म्हणायचं. साठीच्या असतील, काटक, ताठ, आवाज मात्र सायीसारखा. त्यांचा नियम एकच. आपलं आपण मोजायचं नाही. जोडीदारानं आकडे म्हणायचे, जोडीदारानंच थांब म्हणायचं. स्वतः मोजणारी बाई स्वतःला सूट देते, हे त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला बँकवालीचा हात हातात घेऊन म्हणायला लावलं, माझा आकडा तुझ्याकडे. तिनं तिचा मला दिला. आम्ही दोघी फिदीफिदी हसत होतो. लग्न लागल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर हायसं वाटलं. घरी औषधं, दूध, बिलं, पिल्लूच्या कुशी बदलायच्या वेळा, सगळं मीच मोजते. इथे कोणीतरी माझ्यासाठी मोजतंय. मी फक्त वर उठायचं आणि खाली बसायचं.

११ फेब्रुवारी

मला पोटरी आली आहे! हात लावून दोनदा खात्री केली.

फोन ऑफिसातून करायचा. पिल्लूला सांगितलं तर म्हणाली, आता मला पाठुंगळी घेऊन बाजारात जायचं, मावशी नुसती हळू ढकलते. धाकटी मागून ओरडली, ऐकतेय मी, भवाने! किती बरं वाटलं तो दंगा ऐकून.

आज एक गंमत झाली. बैठका चालू असताना बँकवालीला शिंका आल्या, एकामागून एक. थांब म्हणायचं राहिलं. आणि मी थांबलेच नाही. थांबावंसं वाटत होतं, मांड्या पेटल्या होत्या, तरी खाली, वर, खाली. तिनं नाक पुसून थांब म्हटलं तशी मी मटकन बसले. नंतर तिनं खूप चिडवलं, काय गं, चावी दिलेली बाहुली! मीही हसले.

हसले, पण मला थांबायचं होतं.

१४ फेब्रुवारी

इथे घासही मोजून चावायचा असतो, पचनासाठी. आज बँकवाली गमतीनं माझं चावणं मोजत होती. मी घास गिळला. ती मोजतच राहिली, आणि माझा जबडा रिकाम्या तोंडानं चावत राहिला. दात दातांवर. समोरच्या बाईनं मान खाली घातली. ती हसली नाही, तिला नवल वाटलं नाही. तेच मला खटकलं.

बँकवाली घाबरून थांब म्हणाली. गालाला आतून जखम झाली आहे.

आज मी भरलेली पिंपं एकटीनं हलवली. अंग पूर्वी कधीच इतकं चांगलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

आमच्या आधीच्या तुकडीचा शेवटचा रविवार. एक जिनेवाल्या आजी आहेत. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, तिथवर चढता यावं म्हणून आलेल्या. सकाळी मुलगा आला. सगळे हॉलमागच्या जिन्यापाशी जमलो. या दिवशी आकडे जोडीदार म्हणत नाही, मोठ्या ताई स्वतः म्हणतात. आजी भराभर चढल्या, उतरल्या. मुलानं टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. आजी पुन्हा चढल्या. मुलगा म्हणाला, पुरे आई, दमशील. मोठ्या ताई मऊ आवाजात मोजत राहिल्या.

दुपारी जेवून आलो तरी आजी चढत होत्या. मुलगा पहिल्या पायरीवर उभा राहून विनवत होता, मग त्यांच्या कमरेला मिठी मारून ओढत होता. त्या त्याला घेऊन चढल्या. संध्याकाळी मुलगा दिसला नाही. पायांचा आवाज मात्र येतोय. आत्ता, लिहितानाही.

मोठ्या ताईंनी थांब म्हटलंच नाही.

१९ फेब्रुवारी

मोठ्या ताईंकडे गेले. म्हटलं, ताई, मला माझं मीच मोजायचंय. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात फिरवला, आई फिरवते तसा. म्हणाल्या, मन म्हणजे भाडेकरू गं. घर शरीराचं. भाडेकरू कुरकुरतो म्हणून घर पाडतात का? मग म्हणाल्या, मोज बरं, कोण अडवतंय?

खोलीत येऊन मोजायला लागले. एक. दोन. तीन. पुढचं येईना. शब्द माहीत आहे, कागदावर लिहिताही येतो. चार. बघ, लिहिला. पण तोंडातून येत नाही, मनातही येत नाही. जिथे होता तिथे नुसती गुळगुळीत जागा.

मी तो खरोखरच देऊन टाकला. हसत हसत.

२० फेब्रुवारी

बॅग भरून निघाले. पैसे बुडाले तर बुडाले. फाटक उघडंच होतं. अंगणात नव्या आलेल्या बायकांचा सराव चालू होता; मोठ्या ताई आकडे म्हणत होत्या, त्यांच्यासाठी. माझ्याकडे पाठ होती त्यांची.

माझे गुडघे वाकले. खांद्याला बॅग, हातात छत्री, आणि मी फाटकासमोर बैठका मारतेय. फाटकवाल्याला म्हटलं, दादा, हात धरून मला बाहेर ओढा, एवढंच करा. त्यानं तोंड फिरवलं. तेव्हा त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. टाचा वर. टाचा खाली. वर. खाली. त्याच्या बुटांखालची फरशी झिजली आहे.

सराव संपला तेव्हा माझे पाय मला खोलीत घेऊन आले. मी नाही आले.

२१ फेब्रुवारी

बँकवालीला म्हटलं, माझा आकडा परत दे. ती रडत म्हणाली, घे बाई, घे, मला नको. हात हातात घेऊन दोघींनी कितीदा म्हटलं. काही झालं नाही. मग मी म्हटलं, निदान एकदाच थांब म्हण, कायमचं. तिनं ओठ हलवले. ओठांतून पुढचा आकडा आला.

२२ फेब्रुवारी

धाकटीला फोन. शब्द ठरवून गेले होते, पिल्लूला आणू नकोस, बस्स. मोठ्या ताई टेबलापाशी भाजी निवडत होत्या. मी तोंड उघडलं आणि त्या हळूच मोजायला लागल्या. माझा जबडा चावायला लागला. धाकटी विचारतेय, अगं, जेवतेस का फोनवर? खा, खा! पिल्लूनं नवा फ्रॉक काढून ठेवलाय. रविवारी सकाळीच निघतो.

मी रडत होते. तिला वाटलं असेल, आनंदानं.

२३ फेब्रुवारी

हात मोडला तर उचलता येणार नाही. साधी गोष्ट. जड चकती उचलली, डावा हात फरशीवर ठेवला.

उजव्यानं चकती जागेवर नेऊन ठेवली. नीट, पुसून.

दोन्ही हात माझ्या मांडीवर पडून आहेत. किती सुंदर झालेत. दंड गोल, शिरा उठलेल्या. ह्याच हातांनी तिला पहिल्यांदा घेतलं होतं, ओलं, इवलंसं. ते हात कुठे गेले —

२४ फेब्रुवारी

बँकवालीला विचारलं, जेवलीस का. तिनं आकडा सांगितला. आता तिच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.

लिहिताना उजवा हात अजून ऐकतो. का, कळत नाही. कदाचित लिहिताना कोणी मोजत नाही म्हणून. म्हणून लिहितेय. चिठ्ठी लिहीन. धाकटीच्या हातात देईन — दोन ओळी —

लिहिली. फाडली. मी नाही फाडली.

उद्या पिल्लूला वर घेतील हे हात. ती हसेल आधी. तिला उंच घेतलेलं आवडतं. मग खाली, मग वर. ती म्हणेल, पुरे आई. आजींचा मुलगाही म्हणालाच होता —

तिची मान नाजूक आहे. सांभाळून धरावी लागते. हातांना हे कोणी सांगितलंय का?

२५ फेब्रुवारी, रविवार

आल्या. उतारावर खुर्चीची चाकं वाजली. धाकटी कोणाशी तरी हसतेय.

मी हॉलमध्ये. उभी. वही खिडकीच्या कठड्यावर. डाव्या हाताला खडू लागलाय, कधी लावला —

पिल्लू, निळा फ्रॉक. केस मावशीनं वेडेवाकडे बांधलेत. मला बघून दोन्ही हात वर केले तिनं. आई, म्हणतेय, बघू तुझे दंड!

नको. खुर्चीतच बस. धाकटे, खुर्ची फिरव, पळ, तिला घेऊन — अगं, माझ्या चेहऱ्याकडे बघ ना एकदा, हातांकडे काय बघतेस —

पाय निघू बघताहेत. लिहिते आहे तोवर उजवा माझा, एका हातानं उचलता येत नाही, लिहीत राहायचं, पेन सोडायचं नाही, सोडणार नाही, पिल्लू, मी पेन घट्ट धरलंय, बघ, मी अजून

मोठ्या ताई माझ्याकडे बघून हसल्या. बोटं उघडताहेत, एकेक, त्या मोजतील तशी —